बेससाठी परवडणारं ऑक्टेव्ह पेडल कसं निवडावं

चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा ई वाजतो. ऑक्टेव्ह पेडल, म्हणजे वाजवलेल्या स्वराला खालच्या किंवा वरच्या सप्तकातली जोड देणारा पायाखालचा डबा, त्याच्याही खाली एक सप्तक उतरतं, म्हणजे २०.६ हर्ट्झवर. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० हर्ट्झ धरतात, आणि दहा इंची स्पीकर असलेला साधा काँबो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) ५०–६० हर्ट्झच्या खाली गेला की दमतो. पेडलने तो स्वर इमानेइतबारे तयार केला तरी आपल्यापर्यंत पोचत नाही. स्पीकरचा कोन उगाच मागेपुढे हलतो, ॲम्पची ताकद तिथेच खर्च होते आणि जो आवाज ऐकू यायला हवा तोही दबतो.

पेडल बघायला निघण्याआधी एवढं गणित पक्कं करा. खोक्यावर ‘दोन सप्तकं खाली’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. मोकळ्या ए तारेच्या (५५ हर्ट्झ) दोन सप्तकं खाली १३.७५ हर्ट्झ येतात, आणि ते ऐकूच येत नाहीत. दुसरं खालचं सप्तक बेसवर फक्त वरच्या फ्रेटवर, डी आणि जी तारेवर कामाला येतं. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

ऑक्टेव्हचा खरा पट्टा ए तारेच्या पाचव्या फ्रेटपासून वर सुरू होतो. तिथला डी ७३.४ हर्ट्झचा, त्याचा खालचा जोडीदार ३६.७ चा. सातव्या फ्रेटवर ई, ८२.४ हर्ट्झ, आणि त्याचं खालचं सप्तक बरोबर ४१.२, म्हणजे मोकळ्या ई तारेचा स्वर. डी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा जी ९८ चा, खाली ४९. या भागात वाजवलं की मूळ स्वर आणि खालचा स्वर दोन्ही ऐकू येतात आणि बेस अचानक भिंतीएवढा रुंद होतो. म्हणून हे पेडल घेणाऱ्याने बोटं वर सरकवायची तयारी ठेवावी. पहिल्या तीन फ्रेटवरच वाजवणाऱ्याला कितीही महागडं पेडल दिलं तरी हाती गुरगुरच येईल.

दोन जाती, दोन स्वभाव

पहिली जात ॲनालॉग, एका वेळी एकच स्वर ओळखणारी. आतलं तत्त्व सोपं आहे. तारेच्या लहरीचा माथा आला की सर्किटमधला एक स्विच पलटतो आणि पुढचा माथा आला की परत पलटतो. दोन लहरी झाल्या की स्विचचा एक फेरा पूर्ण होतो, म्हणजे वारंवारता निम्मी. बॉस कंपनीच्या ओसी-२ या पेडलमध्ये हा स्विच मूळ सिग्नललाच आळीपाळीने उलट-सुलट करतो आणि पुढचा फिल्टर त्याच्या कडा घासून गोल करतो. म्हणून खालचा स्वर हाताच्या जोरासोबत चढतो-उतरतो आणि तरीही त्याला जुन्या सिंथसारखा चौकोनी, भरीव पोत असतो. १९८२ साली आलेलं हे पेडल बेसवादक पिनो पॅलॅडिनोच्या फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसमुळे बेसवाल्यांच्या कानात बसलं. आजही ‘ऑक्टेव्हचा आवाज’ म्हटलं की बहुतेकांच्या मनात तोच असतो.

दुसरी जात डिजिटल, एकाच वेळी अनेक स्वर सांभाळणारी, म्हणजे पॉलीफोनिक. ती सिग्नल मोजून त्याची खालची किंवा वरची प्रत बनवते. दोन-तीन तारा एकत्र वाजवल्या तरी गोंधळत नाही, आणि वरचं सप्तक स्वच्छ हवं असेल तर हाच मार्ग. ॲनालॉग सर्किटमध्ये वरचं सप्तक सहसा लहरीचा खालचा अर्धा भाग दुमडून वर आणून काढतात. त्यात फझसारखी (मुद्दाम आवाज फाडणाऱ्या पेडलसारखी) खरखर अटळ असते. काहींना तीच आवडते, पण तो वेगळा आवाज. डिजिटलचा खालचा स्वर गुळगुळीत, थोडा ऑर्गनसारखा येतो. त्याचा दोष उशिरात आहे. लहर ओळखायला वेळ लागतो, आणि लहर जितकी लांब तितका जास्त. मोकळ्या ई तारेची एक लहर २४ मिलिसेकंदांची असते. त्यामुळे खालच्या स्वरांवर प्रत किंचित मागे पडते, कधी थरथरते.

अर्थात वेगाची अडचण ॲनालॉगलाही आहेच, फक्त कारण वेगळं. २०.६ हर्ट्झची एक लहर पुरी व्हायला ४८ मिलिसेकंदांहून जास्त लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या मात्रेचा (म्हणजे पाव ठोक्याचा) एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा, म्हणजे त्यात जेमतेम अडीच लहरी मावतात. एवढ्यात कानाला स्वर कळत नाही, नुसता धक्का कळतो. तेच ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवलं तर साडेचार लहरी मावतात आणि स्वर स्पष्ट होतो.

कोणती जात घ्यावी? फंक, सिंथ-बेस, डबसारख्या जागा भरून टाकणाऱ्या एकेरी ओळी वाजवायच्या असतील तर ॲनालॉग. गिटारवादक नसलेल्या बँडमध्ये वरचं सप्तक मिसळून जागा भरायची असेल किंवा दहाव्या स्वरांतराचे (टेन्थ) जोडस्वर वाजवायचे असतील तर पॉलीफोनिक. एकच पेडल घ्यायचंय आणि अजून ठरत नाही, अशा वेळी दोन्ही पद्धती एकाच खोक्यात देणारं पेडल बघावं. अशी पेडल्स आता स्वस्त गटातही मिळतात.

ट्रॅकिंग का घसरतं

स्वर धरला आणि खालचा आवाज मध्येच वर उडी मारून परत आला, किंवा शेवटी फाटत विझला, की लोक ‘ट्रॅकिंग (स्वर ओळखून धरून ठेवणं) वाईट’ म्हणून पेडलला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष बेस आणि हात यांचा असतो. हे समजलं तर निम्म्या किमतीच्या पेडलमधूनही चांगलं काम काढता येतं.

बेसच्या जाड तारेवर मूळ वारंवारतेपेक्षा तिच्या दुप्पट वारंवारतेचा उपस्वर बऱ्याचदा जोरात असतो. पुलाजवळ (ब्रिजजवळ) छेडलं, नव्या चकचकीत राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या) तारा असल्या, पुलाकडचा पिकअप उघडा ठेवला की हा उपस्वर आणखी चढतो. एका लहरीत मग दोन माथे दिसतात. स्विच दोनदा पलटतो आणि खालचा स्वर एक सप्तक वर उडतो. तार विझायला लागली की मूळ स्वर आणि उपस्वर वेगवेगळ्या वेगाने कमी होतात, म्हणून ही उडी बहुधा स्वराच्या शेवटी ऐकू येते.

इलाज सगळे हाताजवळचे आहेत. नेककडचा पिकअप पूर्ण उघडा, पुलाकडचा बंद करा. बेसचा टोन नॉब अर्ध्याच्या खाली आणा, ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर ट्रेबल कमी करा. फ्रेटबोर्डच्या शेवटाजवळ, बोटाच्या मांसल भागाने छेडा. नखाचा किंवा प्लेक्ट्रमचा टकटक आवाज सर्किटला आधी भुलवतो. जुन्या तारा किंवा फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा इथे फायद्याच्या. फ्रेटवर तार खरखरत असेल तर सेटअप करून घ्या, कारण ती खरखरसुद्धा पेडल मोजतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बाकीच्या तारा गप्प ठेवणं. डी तारेवर वाजवताना ए तार हलकेच गुणगुणत असते. कानाला ते जाणवत नाही, एकस्वरी पेडलला जाणवतं. उजव्या हाताचा अंगठा ई आणि ए तारेवर टेकवून ठेवा, डाव्या हाताची मोकळी बोटं खालच्या तारांवर आडवी पडू द्या. एक स्वर पूर्ण थांबवून मगच पुढचा वाजवा. स्वर एकमेकांवर चढले की त्या सांध्यावर पेडल अडखळणारच.

दुकानात कसं तपासायचं

स्वतःचा बेस घेऊन जा. दुकानातल्या बेसवर छान ट्रॅक करणारं पेडल घरच्या बेसवर अडखळू शकतं. हेडफोनवर निवड करू नका. हेडफोनमध्ये २५ हर्ट्झसुद्धा ऐकू येतात आणि प्रत्यक्ष ॲम्पवर ते गायब होतात. शक्य तर स्वतःच्या ॲम्पएवढ्याच ॲम्पवर, सगळे टोन नॉब मध्यावर ठेवून ऐका.

मूळ आवाजाचा, म्हणजे ड्रायचा नॉब शून्यावर आणा आणि पहिल्या खालच्या सप्तकाचा पूर्ण उघडा. ड्राय आवाज सगळे दोष झाकतो, म्हणून आधी तोच बाजूला करायचा. आता ए तारेच्या बाराव्या फ्रेटपासून एकेक फ्रेट खाली या, प्रत्येक स्वर तीन-चार सेकंद धरून. आवाज कुठे पहिल्यांदा थरथरतो तो फ्रेट लक्षात ठेवा. तिसऱ्या फ्रेटच्या सीपर्यंत स्थिर राहिलं तर स्वस्त पेडलसाठी उत्तम. मोकळ्या ए तारेपर्यंत गेलं तर फारच छान. सातव्या-आठव्या फ्रेटवरच कोसळायला लागलं आणि वर सांगितलेले इलाज करूनही सुधारलं नाही तर ते खाली ठेवा.

मग डी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा जी एकदा जोरात छेडून पूर्ण विझेपर्यंत ऐका. चांगलं पेडल शेवटी एकदम बंद होतं किंवा हळू मावळतं. वाईट पेडल फटफट करत, वर-खाली उड्या मारत संपतं. हाच स्वर अगदी हलक्या बोटाने छेडा. खालचा आवाज येतच नसेल तर त्या पेडलला जोरदार सिग्नल लागतो. पॅसिव्ह बेसवाल्याने हे नक्की तपासावं.

डिजिटल असेल तर मोबाइलवर मेट्रोनोम १२० ला लावा, ड्राय बंद ठेवूनच ए तारेच्या सातव्या फ्रेटवर सोळाव्या मात्रा वाजवा. हात आणि आवाज यांत फट जाणवली तर ती पुढेही छळेल. जोडस्वरांसाठी ई तारेच्या दहाव्या फ्रेटवरचा डी आणि जी तारेच्या अकराव्या फ्रेटवरचा एफ शार्प एकत्र छेडा. दोन्ही स्वरांच्या खालच्या प्रती वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत.

शेवटी ड्राय पूर्ण, ऑक्टेव्ह शून्य, आणि पेडल चालू-बंद करत राहा. चालू असताना बेस बारीक किंवा कोंदट वाटतो का? काही स्वस्त पेडल ड्राय सिग्नलच खराब करतात. बेसवाल्यासाठी हा ट्रॅकिंगपेक्षा मोठा दोष आहे, कारण मूळ स्वरच गेला तर खालचा स्वर कशावर उभा राहणार?

बाजारातली काही नावं

बेहरिंगरचं यूओ३०० हे या यादीत सगळ्यात स्वस्त असलेल्यांपैकी एक. तीन मोड आहेत, आवाज किमतीच्या मानाने खरोखर चांगला, पण डबा प्लास्टिकचा. घरी सरावासाठी घ्या. रोज स्टेजवर पायाखाली तुडवण्यासाठी नाही. पेडलबोर्डवर पक्कं बसवलं आणि केबलला ओढ लागू दिली नाही तर बरेच दिवस चालतं.

टीसी इलेक्ट्रॉनिकचं सब एन अप आम्ही ‘ठरत नाही’ म्हणणाऱ्यांना पहिलं सुचवू. छोट्या स्विचने पॉलीफोनिक आणि क्लासिक अशा दोन पद्धतींत फिरतं, ड्राय, वरचं सप्तक, खालची दोन सप्तकं यांना वेगळे नॉब आहेत. त्याचं मिनी रूप जागा वाचवतं, मात्र नॉब तीनच. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची मायक्रो पॉग आणि नॅनो पॉग ही पॉलीफोनिक जातीची ओळखीची पेडल्स. वरचं सप्तक हवं असणाऱ्यांनी आधी हीच ऐकावीत. मूळ सिग्नलसाठी वेगळं आउटपुट मिळतं, म्हणजे ड्राय एका ॲम्पला आणि ऑक्टेव्ह दुसऱ्याला देता येतो.

एमएक्सआरचं बेस ऑक्टेव्ह डिलक्स, म्हणजे एम२८८, थोडं वरच्या किमतीत जातं, पण बेससाठीच बनवलेलं ॲनालॉग आहे. ग्रोल आणि गर्थ असे दोन नॉब एकाच खालच्या सप्तकाचे दोन पोत देतात: एक दाणेदार, मधल्या पट्टीचा, दुसरा खोल आणि गोल. छोट्या ॲम्पवर ग्रोल जास्त उपयोगी, कारण त्यातले उपस्वर त्या स्पीकरला झेपतात आणि कान उरलेला खर्ज स्वतःच भरून घेतो. बॉसचं २०२० सालचं ओसी-५ जुन्या ओसी-२ चा आवाज आणि पॉलीफोनिक मोड दोन्ही देतं, त्यावर गिटार-बेस असा स्विच आहे. तो बेसवर ठेवायला विसरलात तर ट्रॅकिंगला उगाच दोष द्याल.

मूअरचं प्युअर ऑक्टेव्ह आणि त्यासारखी छोटी पॉलीफोनिक पेडल बोर्डवर जेमतेम जागा घेतात. अकरा मोड ऐकून हरखून जाऊ नका. बेसवर प्रत्यक्षात एक-दोनच वापरले जातात.

वीज आणि साखळी

बहुतेक सगळी पेडल ९ व्होल्ट डीसी, मधला पिन निगेटिव्ह अशा ॲडॉप्टरवर चालतात. छोट्या पेडलमध्ये बॅटरीला जागाच नसते. ॲनालॉगला फारच थोडा करंट लागतो. डिजिटलला पुष्कळ जास्त, काही वेळा १०० मिलिॲम्पिअरच्या आसपास. पेडलच्या तळाशी लिहिलेला आकडा ॲडॉप्टरच्या आकड्यापेक्षा कमी हवा. एकाच ॲडॉप्टरवरून माळ लावून चार पेडल चालवत असाल आणि बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर आधी डिजिटल पेडल वेगळ्या ॲडॉप्टरवर लावून बघा.

ऑक्टेव्ह साखळीत पुढे ठेवा: ट्यूनर, मग ऑक्टेव्ह, मग ओव्हरड्राइव्ह किंवा फझ, मग एन्व्हलप फिल्टर (छेडण्याच्या जोरानुसार उघडमीट होणारा), मग कोरस वगैरे. फझ आधी लावला तर पेडलला उपस्वरांचा गोंधळच मोजायला मिळतो. कंप्रेसरबद्दल (हलके आणि जोरदार स्वर जवळपास सारखे करणारं पेडल) मतं दोन आहेत. आधी ठेवला तर स्वर लांबतो आणि ट्रॅकिंग टिकतं, पण बाकीच्या तारांची गुणगुणही वर येते. ठेवायचाच असेल तर ३:१ च्या आसपास, हलका.

सुरुवातीला ड्राय घड्याळातल्या बाराच्या जागी आणि खालचं सप्तक दहाच्या जागी ठेवा. एकट्याने वाजवताना हे कमी वाटेल. ड्रम सुरू झाल्यावर पुरेसं होतं. सिंथसारखा आवाज हवा असेल तर ड्राय शून्य, सप्तक दोनच्या जागी, पुढे फझ आणि फिल्टर. पेडल चालू असताना ॲम्पवरचा बेस नॉब थोडा कमी करा. हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचा आवाज कापणारा) असेल तर साखळीच्या शेवटी ३०–३५ हर्ट्झवर लावा. स्पीकरचा निरर्थक हलता भार जातो आणि आवाज उलट घट्ट होतो.

वापरलेलं घेताना

परवडणाऱ्या किमतीत सगळ्यात चांगला आवाज बहुधा वापरलेल्या पेडलमध्येच मिळतो. प्रत्येक नॉब हळू फिरवून खरखर ऐका. थोडी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. जॅकमध्ये पिन घालून हलकेच हलवा. आवाज तुटला तर सांधा निसटलाय. पायाचा स्विच वीस-पंचवीस वेळा दाबा, एकदाही चुकता कामा नये.

जुन्या ओसी-२ बाबत एक खास गोष्ट. सुरुवातीच्या पेडल्सवर ॲडॉप्टरचं नाव एसीए असं लिहिलेलं असतं, नंतरच्यांवर पीएसए. एसीए प्रकारच्या पेडलला आजचा ९ व्होल्टचा स्थिर ॲडॉप्टर लावला की आत पोचणारा विद्युतदाब कमी पडतो. दिवा मंद लागतो, आवाज दुबळा येतो, ट्रॅकिंग ढासळतं. विकणाऱ्याला वाटतं पेडल बिघडलंय, आणि तो किंमत उतरवतो. अशा वेळी आत नवी ९ व्होल्टची बॅटरी घालून बघा. बॅटरीवर दिवा झगझगीत आणि आवाज भरदार आला तर पेडल ठणठणीत आहे. त्याला १२ व्होल्टचा एसीए प्रकारचा ॲडॉप्टर द्या, किंवा माळेच्या वायरने पीएसए प्रकारच्या दुसऱ्या पेडलसोबत एकाच ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर जोडा आणि दोघांना सिग्नलच्या केबलनेही जोडलेलं ठेवा. केबल काढली की दिवा पुन्हा मंदावतो.